भिंतीवरची बाग

आमच्या महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर बाग लावावी कीं लावूं नये, या प्रश्नावर मत देण्याचा प्रसंग गेल्या श्रावणांत आम्हांवर आला. भिंतीपाशीं बाग नव्हे, भिंतीवर बाग. जोत्यापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत उभी, रोपें आडवीं बाहेर झेपावलेलीं, आणि मातीचा कोठें मागमूस नाहीं, अशी. माघांत बाहेरून पाहणी करणारें मंडळ यावयाचें होतें, व त्याच्या दृष्टीस पहिल्या पावलालाच कांहींतरी हिरवें पडावें अशी चालकांची इच्छा होती. समितींत वनस्पतिशास्त्राचे, स्थापत्याचे आणि हिशेबाचे जाणकार होतेच. आम्ही तत्त्वज्ञान शिकवितों, तेव्हां आम्हांस कशाकरितां घेतलें हें अद्यापि कळलेलें नाहीं. कदाचित् विरोधी मत नोंदविण्यास एक निरुपद्रवी गृहस्थ असावा, एवढाच हेतु असेल.

आम्हीं विरोध नोंदविला. परंतु त्या वेळीं जीं कारणें आम्हीं पुढें केलीं त्यांतील निम्मीं लंगडीं होतीं हें आतां आमच्या ध्यानांत येतें. आणि जें खरें कारण होतें तें त्या दिवशीं आम्हांस बोलतांच आलें नाहीं. तें येथें बोलून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. भिंत हिरवी करण्याचे मार्ग दोन, व त्या दोहोंत अंतर मोठें. पहिला आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा. जाई, जुई, मधुमालती किंवा कृष्णकमळ भुईंत लावावें आणि भिंतीचा वा मांडवाचा आधार द्यावा. येथें मूळ जमिनींत असतें, भिंत ही केवळ चढण्याची वाट. दुसऱ्या प्रकारांत मूळच भिंतीवर असतें. भिंतीपुढें धातूची चौकट उभारतात, व मधें हवा खेळण्यापुरती फट राखतात म्हणजे मूळच्या भिंतीस ओल पोंचत नाहीं. चौकटीवर पाणी न झिरपणारा तक्ता, आणि त्यावर नमद्यासारख्या कापडाचे दोन थर. वरच्या थरास चिरा पाडून खिसे करावयाचे व त्यांत रोप बसवावयाचें. माथ्यावर बारीक छिद्रांची नळी असते. घड्याळाच्या कळीनें तींतून दिवसांतून कित्येकदां थोडथोडें पाणी सुटतें. त्यांतच खत विरघळविलेलें. तें नमद्यांतून झिरपत झिरपत तळच्या पन्हळींत उतरतें, तेथून टांकींत जातें, आणि पंप पुनः वर चढवितो. कोणी नमद्याऐवजीं लहान लहान पेट्या लावून त्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा भरतात, तत्त्व तेंच.

मातीवांचून झाड जगतें कसें, असें आमच्या एका भाषाशिक्षक मित्रांनीं विचारलें. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनीं दिलेलें उत्तर आम्हांस आवडलें. मुळास पाणी हवें, विद्राव्य क्षार हवे, प्राणवायु हवा आणि टेकावयास आधार हवा. माती या चारही गोष्टी एकत्र पुरविते म्हणून ती सोयीची, परंतु तिच्यावांचून अडतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांनीं अशा उभ्या बागेच्या रचनेचें पेटंट १९३८ मध्येंच मिळविलें होतें. पुढें ती कल्पना बराच काळ कागदांतच राहिली. तिला आजचें रूप व कीर्ति दिली ती पात्रिक ब्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें. मलाया व सयामच्या रानांत खडकांवर, झाडांच्या बुंध्यांवर, धबधब्यांच्या तुषारांत मातीविना वाढणाऱ्या वनस्पती त्यानें पाहिल्या. पॅरिसमधील के ब्रांली संग्रहालयाची सुमारें ८०० चौरस मीटरांची त्याची भिंत जगभर नांवाजली गेली.

खरें म्हणजे आपणांस मलायापर्यंत जावयाचें कारण नाहीं. वेरूळच्या लेण्यांवरून पावसाळ्यांत जेथें पाणी कोसळतें तेथला काळा कातळ पाहावा. आषाढांत त्यावर शेवाळ धरतें, मग नेचे येतात, मग तेरडा. श्रावणभर ती भिंत अशी कांहीं हिरवी असते कीं, कोणत्याही राजधानींतील संग्रहालयानें तिचा हेवा करावा. दसरा उलटला कीं ती पिवळी पडूं लागते आणि माघापर्यंत दगड उघडा होतो. बीं फटींत राहतें, तें आपल्या वेळेची वाट पाहतें. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडेल. निसर्गाच्या भिंतीस मरण्याची मुभा आहे. आमच्या भिंतीस ती नाहीं, कारण मंडळ माघांत येणार होतें.

आतां आमचीं लंगडीं कारणें. पहिलें असें कीं, हा केवळ शोभेचा खेळ असून त्यापासून उपयोग कांहीं नाहीं. तें चूक ठरलें. पान आपल्या सावलीनें भिंत तापूं देत नाहीं, आणि पाण्याची वाफ करून भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी हवेंत उडून जावयास सुमारें दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. आपल्या घरीं वैशाखांत दारास वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपीत, आणि आज कूलर फिरतो, त्यांतील मर्म हेंच; हिरवी भिंत म्हणजे एका अर्थीं वाळ्याचा जिवंत पडदा. मात्र त्या गारव्याचा मोठा भाग बाहेरच्या वाऱ्यावर जातो, खोलींत थोडाच येतो, एवढी दुरुस्ती आमच्या स्थापत्यवाल्या मित्रांनीं केली. हवा शुद्ध होण्याविषयीं मात्र जें बोललें जातें तें जरा जपून घ्यावें. १९८९ मध्यें अमेरिकेच्या नासा संस्थेंत बंदिस्त पेटींत कुंड्या ठेवून कांहीं प्रयोग झाले, आणि तेव्हांपासून घरांतलें रोप म्हणजे हवेची गाळणी असा समज पसरला. पुढें २०१९ मध्यें अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुनः मांडला गेला, तेव्हां असें दिसलें कीं, खोलीच्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयास दर चौरस मीटर जागेस दहापासून हजारपर्यंत रोपें लागतील. त्यापेक्षां खिडकी उघडावी.

दुसरें कारण पाण्याचें, आणि यावर आमची मोठी भिस्त होती. ज्या शहरांत गेल्या दशकांत कित्येक वस्त्यांना पांच पांच, आठ आठ दिवसांनीं नळ पाहावयास मिळाला, जेथें बायकामाणसें पहाटे तीन वाजतां नळाच्या आवाजास कान लावून बसलीं, तेथें भिंतीस पाणी पाजावें हा उन्माद नव्हे काय? आम्हीं हें जरा आवेशानें म्हटलें. हिशेबाच्या प्राध्यापकांनीं शांतपणें कागद ओढला. भिंत दहा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच, म्हणजे साठ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यांत दर चौरस मीटरास दिवसाला पांच लिटर धरले तर तीनशें लिटर झाले. शहरांत माणशीं दिवसाला १३५ लिटर हें आपल्याकडील सरकारी प्रमाण. तेव्हां भिंत म्हणजे दोन माणसें व एक लहान मूल. “आणि सर, आपल्या घरीं कूलर किती आहेत?” असें त्यांनीं विचारलें. दोन आहेत. दोघे मिळून दिवसाकाठीं शंभर लिटर पितात हें आम्हांस ठाऊक होतें, पण आम्ही बोललों नाहीं. शिवाय हात धुण्याच्या मोऱ्यांचें पाणी गाळून भिंतीस देतां येईल, हीही सूचना पुढें आली व ती योग्य होती.

मनुष्याचा संताप आणि त्याचें गणित यांची गांठ क्वचित् पडते. पडली कीं संतापास खालीं बसावें लागतें. आम्ही खालीं बसलों. परंतु मनांतला कांटा गेला नाहीं, आणि तो कशाचा हें आम्हांस एका माळ्यानें दाखविलें.

जालना रस्त्यावरील एका इमारतीस अशी भिंत आहे असें कळल्यावरून आम्ही ती पाहावयास गेलों. भिंत सुरेख होती. शिडीवर एक माळीदादा सुकलेलीं रोपें उपटून नवीं बसवीत होते. किती मरतात, असें विचारतां ते म्हणाले, “मरतेतच की सर. मोटार दोन दिवस बंद पडली की वरची ओळ पार गेली म्हणून समजा. जमिनीतलं झाड कसं, आपलं आपण खाली हात घालून बघतंय. याला हातच नाही.”

हात नसणें हाच तो कांटा होता. जमिनींतील झाड पाणी शोधतें. कडूलिंब घ्या, बाभूळ घ्या. तीन वर्षें जपलें कीं पुढें तें आपलें आपण बघतें, आणि आपण त्यास विसरलों तरी बिघडत नाहीं. भिंतीवरच्या रोपाजवळ शोधण्याचा मार्गच ठेविलेला नसतो. त्याखालीं भुई नाहीं, साठा नाहीं. नमद्याची ओल उन्हाळ्यांत दिवसभरही टिकत नाहीं. जें आपल्या बळावर जगूं शकलें असतें तें उचलून आपण अशा ठिकाणीं ठेवितों, जेथें आपल्यावांचून तें एक दिवस जगूं शकणार नाहीं. प्रश्न असा कीं, असें केल्यानें आपल्यावर कांहीं ऋण चढतें कीं नाहीं?

आमच्या विषयाचे मोठे आचार्य येथें फारसे उपयोगीं पडत नाहींत. कांटच्या मतें पशूंविषयींचें आपलें कर्तव्यही आडवळणाचें. पशूस निर्दयपणें वागविणारा माणूस माणसांशींही तसाच वागूं लागेल म्हणून तें पाळावयाचें. वनस्पतींची तर गोष्टच दूर. बेंथॅमनें कसोटी लाविली ती दुःख होण्याची. ज्यास वेदना आहे त्याचा विचार करणें भाग आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं आपल्या नाजूक यंत्रांनीं वनस्पतींचे प्रतिसाद मोजून दाखविले हें खरें, परंतु प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे, आणि नमद्यांतील रोपास तहानेचें दुःख होतें असें म्हणण्यास आम्हांजवळ आधार नाहीं. तरीही आम्हांस वाटतें कीं ऋण आहे, आणि तें दुःखावर अवलंबून नाहीं. तें आपण केलेल्या कृत्यांतून निघतें. ज्याचे पाय आपण काढून घेतले त्यास खांद्यावर वाहणें हें दान नव्हे. ती निव्वळ परतफेड होय.

यावर एक आक्षेप घरांतूनच आला, आणि तो बळकट आहे. “मग अंगणांतल्या तुळशीचें काय? तीही कुंडींतच आहे.” खरें आहे. वृंदावनांतली तुळस परावलंबीच. परंतु तिच्यांत आणि भिंतींत दोन भेद आम्हांस दिसतात. कुंडींतील मूठभर माती दोन दिवसांची शिदोरी बाळगते, हा लहान भेद. मोठा भेद हा कीं, तुळशीस पाणी घालणारें माणूस ठरलेलें असतें, तें रोज तिच्यासमोर उभें राहतें आणि पान मलूल झालें तर त्यास दिसतें. भिंतीच्या बाबतींत तें काम घड्याळाच्या कळीवर सोंपविलेलें असतें. कळ पाणी सोडूं शकते. पाणी पोंचलें कीं नाहीं हें पाहणें तिचें काम नाहीं. लंडनच्या इस्लिंग्टन भागांत मुलांच्या एका केंद्रावर मोठ्या हौसेनें लाविलेली अशीच भिंत २००९ मध्यें वाळून गेली. ती कोणीं मुद्दाम मारली असें नाहीं. जबाबदारी यंत्राच्या हवालीं केली कीं ती माणसांच्या यादींतून निघून जाते, एवढेंच.

येथें आमच्या स्वतःच्या वर्तनाविषयीं एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, नाहीं तर हा सारा उपदेश परभारा होईल. आमच्या जुन्या घराच्या मागील भिंतींत, चुन्याच्या सांध्यांत, एक पिंपळ रुजला होता. पक्ष्याच्या विष्ठेंतून बीं येतें आणि चुन्याच्या बोटभर ओलीवर तें तग धरतें. वड, पिंपळ, उंबर या कुळाचा हा स्वभावच. आपल्या शहराच्या जुन्या दरवाजांच्या चिऱ्यांतूनही त्याचे कोंब डोकावतांना पाहिले आहेत. ही भिंतीवरची बाग कोणीं मागितलेली नसते व ती कोणाच्या पंपावर जगत नाहीं. उलट तिचें मूळ जाड होतें तसतसा दगड दगडापासून सुटतो. विलायतेंत ऑक्सफर्डच्या हेदर व्हाइल्स यांनीं जुन्या भिंतींवरील आयव्हीच्या वेलीचा अभ्यास केला, तेव्हां भिंत धड असेल तर वेल तिचें ऊन-थंडीपासून रक्षणच करते असें त्यांना आढळलें. परंतु पिंपळ म्हणजे आयव्ही नव्हे. तो फट शोधतो आणि ती मोठी करतो. घर वांचवावयाचें तर पिंपळ काढणें भाग होतें. आमच्या मातोश्रींनीं साफ नाहीं म्हटलें. पिंपळावर मुंजा असतो. आमचा मुंजावर विश्वास नाहीं, निदान वर्गांत नाहीं. तरीही कुऱ्हाड आम्हीं हातांत घेतली नाहीं. आम्हीं एका मजुरास बोलाविलें, पैसे दिले आणि त्या दिवशीं दुपारभर ग्रंथालयांत जाऊन बसलों. पाप असेल तर तें त्याच्या माथीं जावें, अशीच ही व्यवस्था होती, आणि आपल्याकडील कितीतरी सुशिक्षित घरांत ती याच रीतीनें चालते. त्यास किती पैसे दिले तें आठवत नाहीं, फार नव्हते. तेव्हां कळीवर जबाबदारी टाकणाऱ्यांना हंसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे हें वाचकांनींच ठरवावें.

याच सुमारास एका संध्याकाळीं आम्ही पाणचक्कीवर जाऊन बसलों होतों. आपल्या शहरांतला एक भिंतीचा चमत्कार खरा तोच. डोंगराकडील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून कित्येक मैल येतें आणि तेथील उंच भिंतींत आपल्याच दाबानें वर चढून हौदांत कोसळतें. त्याच्या जोरावर अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत जातें फिरे. पंप नाहीं, कळ नाहीं. उगम वर आहे आणि पाण्यास आपली पातळी ठाऊक आहे, एवढ्यावर काम चालतें. त्यापूर्वीं मलिक अंबरनें १६१० मध्यें खडकी वसविली, तेव्हां त्यानेंही याच न्यायानें डोंगरपायथ्याचें भूजल भुयारी नहरींतून गांवांत आणविलें. त्या गांवाचें पुढें औरंगाबाद झालें, २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर झालें. नहरी मात्र दुर्लक्षानें, खोदकामानें आणि वस्तीच्या रेट्यानें बहुतेक बुजल्या.

आज पाणी येतें तें पैठणाहून. जायकवाडीच्या धरणाचा पाया १९६५ मध्यें घातला गेला, १९७६ मध्यें तें पुरें झालें, आणि हर्सूलच्या तलावाचा लहानसा वांटा सोडला तर त्याच नाथसागरावर हें शहर जगतें. २०११ च्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्यानंतर ती किती वाढली असेल तें सांगावयास नको. पैठण सुमारें पन्नास किलोमीटर दूर, आणि आपण धरणाच्या पातळीहून शंभर मीटरांपेक्षां अधिक उंचीवर. म्हणजे प्रत्येक थेंब पंपानें चढवावा लागतो. तिकडे वीज खंडित झाली कीं इकडच्या गल्लींतील पाण्याचा वार पुढें सरकल्याचें आम्हीं अनेकदां अनुभविलें आहे.

पाणचक्कीच्या हौदापाशीं, त्या जुन्या वडाखालीं, हें सारें मनांत जुळत गेलें तेव्हां आम्हांस किंचित् दचकल्यासारखें झालें. वर नळी, मधें आम्ही, खालीं पन्हळ. ठरल्या वेळीं कळ उघडते आणि आम्ही हिरवे राहतों. जमिनीखालीं हात घालून पाहण्याची सोय आमच्या पूर्वजांनीं केली होती, ती आम्हीं मोडून टाकिली. जुन्या वाड्यांतील आड बुजले, नव्या बंगल्यांत बोअर चारशें फुटांवर कोरडे गेले. माळीदादांनीं शिडीवरून जें सांगितलें तें त्या रोपांपुरतें खरें होतें असें आम्ही समजलों होतों.

मुंबईच्या मलबार टेकडीवर झुलत्या बागा म्हणून जो बगीचा आहे तो पाण्याच्या हौदाच्या छपरावर केलेला आहे. पाणी आधीं, हिरवळ मागाहून. हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो, आणि समितीपुढें आम्हीं अखेर तोच मांडला. दर्शनी भिंतीच्या पायाशीं, मोऱ्यांचें पाणी जेथें वाहून जातें तेथें, चर खणून जाई व मधुमालती लावावी. छपरावरचें पावसाचें पाणी त्याच चरांत उतरवावें. भिंतीवर नुसत्या तारा ताणाव्या. अध्यक्षांनीं सौजन्यानें विचारलें कीं, वेल गच्चीपर्यंत पोंचावयास किती दिवस लागतील. तीन वर्षें, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पंचांगाकडे पाहिलें. ठराव आमचें एक मत सोडून सर्वांच्या मतानें पास झाला, आणि भिंतीविषयीं आम्हीं दाखविलेल्या कळकळीबद्दल समाधान व्यक्त करून तिच्या देखरेखीचें काम आम्हांवर सोंपविण्यांत आलें. हा दुसरा ठराव मात्र एकमतानें झाला.

मंडळ माघांत आलें, भिंतीसमोर छायाचित्रें काढवून गेलें. आतां ज्येष्ठ लागला आहे. महाविद्यालयास सुट्टी आहे, आवारांत कोणी नाहीं. आम्ही रोज सकाळीं सात वाजतां जाऊन पंप चालू झाला कीं नाहीं तें पाहतों. गेल्या आठवड्यांत सलग दीड दिवस वीज नव्हती, तेव्हां आम्हीं व शिपाई दौलतराव यांनीं मोरीच्या टांकीतून बादल्या भरून, शिडी लावून, वरच्या दोन ओळी हातानें शिंपल्या. दौलतराव शिडीवर आणि आम्ही खालीं. या वयांत तेवढेंच जमण्यासारखें होतें. अकरा रोपें गेलीं, बाकीचीं राहिलीं. त्यांतील एका नेच्यास काल नवी गुंडाळी फुटलेली दिसली, ती आम्हीं दौलतरावांस मुद्दाम बोलावून दाखविली.

घरीं परतलों तेव्हां नळाचा सातवा दिवस होता. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, भिंतीची व्यवस्था झाली असेल तर जरा गच्चीवर जाऊन आपल्या टांकीत पाणी किती उरलंय तेवढं बघून या.”

आम्ही जिना चढलों.